दाखला हातात मिळालेली पोरं

तळेऱ्याहून दक्षिणेला निघालं की सावंतवाडी, बांदा ओलांडून गोवा लागतो. पूर्वेला वैभववाडीवरून घाट चढला की गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. फुटबॉलसाठी जीव टाकणारे हे दोन मुलूख आणि आमचा कणकवली तालुका त्यांच्या मधोमध. तरी आमच्याकडे राज्य टेनिस बॉलच्या क्रिकेटचं आणि कबड्डीचं. त्याचं मला वाईट वाटत नाही. खेळ कुठला का असेना, मला काळजी वाटते ती खेळणाऱ्यांतल्या एका पोराची.

हा पोरगा प्रत्येक गावात असतो. मैदानात सगळ्यांच्या पुढे आणि वर्गात नेमका गैरहजर. अकरावीत नाहीतर एफवायला मारामारी करतो, परीक्षेला बसत नाही, कुणाची तरी मोटारसायकल न विचारता घेऊन जातो. मग संस्था त्याचा दाखला त्याच्या हातात देते. गावाचा निकालही ठरलेला असतो: ‘वाया गेलो तो, मुंबैक धाडून द्या.’ शेजारच्या कॉलेजातला क्रीडाशिक्षक त्याचा खेळ ओळखून असतो, पण ‘आमची पोरं बिघडवील’ या धास्तीने हात आखडता घेतो. ज्यांनी हात आखडता घेतला नाही, अशा काही माणसांची ही हकिकत आहे. त्यांच्यापैकी काहींची कारणं मला पटत नाहीत, तेही सांगणार आहे.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक नाव विजय बारसे यांचं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचं, आणि बारसे सर तिथे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात त्यांना झोपडपट्टीतली काही मुलं फुटकी बादली लाथेने उडवत खेळताना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा उभी राहिली आणि पहिल्याच खेपेला १२८ संघ आले. हा आकडा वाचून मी नेहमी थबकतो. १२८ संघ म्हणजे हजाराहून अधिक पोरं. ती शहरात आधीपासून होतीच, फक्त त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पुढे पत्नी रंजना यांच्या साथीने त्यांनी क्रीडा विकास संस्था चालवली. तीच ‘स्लम सॉकर’ या नावाने जगाला माहीत झाली. मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन या कामात उतरला, नागपूरबाहेर बोखाऱ्याला प्रशिक्षणाची जागा उभी राहिली आणि २०१६ साली फिफाने संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. पुरस्कारापेक्षा मला मोठी वाटते ती सरांची निवडीची रीत. कॉलेजचा प्रशिक्षक सहसा चाचणी घेतो, वीस जणांतून अकरा उचलतो आणि नऊ घरी पाठवतो. झोपडपट्टी फुटबॉलमध्ये जो येईल तो खेळाडू. पत्ता, फी, जुनी कीर्ती यांतलं काही आड आलं नाही.

त्यातूनच अखिलेश पॉल घडला. पोलिसांची पाठ लागलेली, नशा आणि जुगार यांत अडकलेलं आयुष्य. ही त्याची कहाणी २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सत्यमेव जयते’च्या खेळावरच्या भागात देशाने पाहिली. हाच मुलगा २०१० साली ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार होता. परत आल्यावर तो इतर मुलांना शिकवू लागला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ बारसे सरांच्या या कामावर बेतला आहे. अमिताभ बच्चन यांच्या भोवती त्यात खेळलेली बरीचशी पोरं नागपूरच्या वस्त्यांतलीच. त्यांतल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

बेघरांचा विश्वचषक ही स्पर्धाही समजून घेण्यासारखी आहे. २००३ साली ऑस्ट्रियात ग्राझ शहरात ती सुरू झाली. मैदान चौकातही मांडता येईल इतकं छोटं. एका बाजूला चारच खेळाडू, सामना सात-सात मिनिटांचा. बेघर, निर्वासित, व्यसनमुक्तीचे उपचार घेणारे असे लोक त्यात खेळतात. आणि नियम असा की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा नियम निष्ठुर वाटला होता. नीट विचार केल्यावर त्यातलं शहाणपण कळलं. स्पर्धा जिंकत राहणारा संघ बांधणं आयोजकांना नकोच आहे. यंदाच्या खेळाडूने पुढच्या वर्षी आपल्या पायावर उभं असावं आणि जागा दुसऱ्याला मिळावी, एवढंच त्यांना हवं आहे.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण बिघडलेल्या खेळाडूला कॉलेज बदलून दुसरी संधी देण्याचा तिथे रीतसर धंदाच उभा राहिला आहे. तिथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुळका, तो हातात धरून पळायचं, डोक्याला शिरस्त्राण. कॉलेजांचे सामने पाहायला लाखभर माणसं बसतात आणि मुख्य प्रशिक्षकाला कुलगुरूंपेक्षा कितीतरी जास्त पगार असतो. अशा ठिकाणी गुणी पण वांड पोराला काढून टाकलं की तो दोन वर्षांच्या लहान कॉलेजात जातो, तिथे चमकतो आणि दुसरं मोठं विद्यापीठ त्याला उचलतं.

कॅम न्यूटनचं उदाहरण सगळे देतात. फ्लोरिडा विद्यापीठात असताना २००८ मध्ये चोरीच्या लॅपटॉपच्या प्रकरणात त्याला अटक झाली. ठरवून दिलेला सुधारणा कार्यक्रम पूर्ण केल्यावर आरोप मागे घेतले गेले. तो टेक्सासमधल्या ब्लिन या छोट्या कॉलेजात गेला आणि २००९ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांना जिंकून दिली. तिथून ऑबर्न विद्यापीठ, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा २०१० चा हाइझमन करंडक, राष्ट्रीय विजेतेपद, आणि २०११ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिला क्रमांक. एका लॅपटॉपपायी हा मुलगा कायमचा बाहेर राहिला असता तर तो अन्यायच झाला असता.

पण याच देशातलं लॉरेन्स फिलिप्सचं प्रकरण विसरू नये. नेब्रास्का विद्यापीठाच्या या फुटबॉलपटूने १९९५ साली आपल्या माजी मैत्रिणीवर हल्ला केला. प्रशिक्षक टॉम ऑसबॉर्न यांनी त्याला निलंबित केलं, पण त्याच हंगामात परत घेतलं. फुटबॉलची शिस्तच त्याला सावरून धरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑसबॉर्न हे काही लबाड गृहस्थ नव्हेत. ते हे मनापासून बोलले असतील. संघाने विजेतेपद पटकावलं. फिलिप्स मात्र सावरला नाही. पुढे त्याला तीस वर्षांहून जास्त शिक्षा झाली आणि २०१६ च्या जानेवारीत, चाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात तो मेला. त्याला जी दिली ती दुसरी संधी होती की अंतिम सामन्यासाठी लागणारा खेळाडू? आणि जिच्यावर हल्ला झाला, तिच्या वाट्याला त्या विजयातून काय आलं? प्रशिक्षकाच्या मोठ्या मनाचं कौतुक करताना ही बाजू आपण चटकन वगळतो.

शेवटी तिथल्यांनाच हे उमगलं. आग्नेय अमेरिकेतल्या चौदा बड्या विद्यापीठांच्या संघटनेने २०१५ मध्ये नियम केला, की लैंगिक अत्याचार किंवा घरगुती हिंसाचार यांसारख्या गंभीर कारणासाठी एका ठिकाणाहून काढलेल्या खेळाडूला आपल्यातल्या कुणीही घ्यायचं नाही. दार कुठे बंद ठेवायचं हे आधी ठरवलं, म्हणजे बाकीच्यांना निर्धास्तपणे आत घेता येतं.

अमेरिकेच्या या सगळ्या कारभारात माझ्या मनात घर केलं ते एका बाईने. मिसिसिपी राज्यात स्कूबा नावाचं हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव आहे. तिथल्या कॉलेजच्या संघावर नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये ‘लास्ट चान्स यू’ ही मालिका आणली. संघ जबरदस्त, प्रशिक्षक बडी स्टीफन्स तापट. चित्रीकरणाच्या हंगामातच मैदानावर तुफान हाणामारी झाली आणि संघ पुढच्या स्पर्धेतून बाद झाला. पण या मुलांना खऱ्या अर्थाने पुढे ढकललं ते ब्रिटनी वॅग्नर या शैक्षणिक सल्लागाराने. कोण वर्गात बसला, कोण नाही, कुणाचा निबंध राहिला, याचा ती रोज पाठपुरावा करायची. मुलगा समोर आला की तिचा पहिला प्रश्न असे, पेन्सिल आहे का? गुण कमी पडले तर मोठ्या विद्यापीठाचं दार उघडणार नाही, हे त्या आडदांड पोरांना तिने पटवलं.

हीच गोष्ट मुंबईत अशोक राठोड यांनी आपल्या पद्धतीने केली. कफ परेडच्या आंबेडकर नगरात ते वाढले. त्यांचे मित्र शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागले आणि हातात रोख पैसा आल्यावर जुगारात, दारूत गेले. २००६ साली अशोकनी अठरा मुलं गोळा करून फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. २०१० मध्ये त्याची ऑस्कर फाउंडेशन ही संस्था झाली. त्यांची अट एकच: शाळा नाही तर फुटबॉल नाही. बंदरावरच्या पैशाची ओढ आमच्या देवगड-मालवणच्या मुलांनाही चांगली ठाऊक आहे, म्हणून ही अट मला आपल्याकडे लागू पडेलशी वाटते.

या सगळ्यातून माझं मत बनलं ते असं. गुणी पोराला दुसरी संधी मिळालीच, तर ती त्याचा खेळ मिळवून देतो. कसोटी लागते ती मध्यम खेळणाऱ्या पोराच्या वेळी. त्याने संघाला करंडक मिळणार नाही, उलट डोक्याला तापच होईल. तरीही जो त्याला घेतो आणि त्याची हजेरी विचारत राहतो, त्याच्या औदार्यावर माझा विश्वास आहे. बारसे सर मला ऑसबॉर्न यांच्याहून मोठे वाटतात ते एवढ्यासाठी.

कायदा या कामात आपण समजतो तितका आडवा येत नाही, हेही क्रीडाशिक्षकांनी माहीत करून घ्यावं. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार अठराच्या आतल्या मुलाकडून घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे त्याला अपात्र ठरवता येत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाला अतिनिर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी धरलं असेल, तेवढा अपवाद. सज्ञान मुलावर खटला चालू असला तरी परदेशी स्पर्धेसाठीच्या पासपोर्टची वाट पूर्ण बंद होत नाही. संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन तो मिळू शकतो. ‘झुंड’मध्ये पासपोर्टसाठीची जी धावाधाव दिसते, ती करायला पोराबरोबर एक जाणतं माणूस लागतं. एकटा पोरगा पहिल्याच खिडकीवरून परत फिरतो.

कणकवली, वैभववाडी, देवगड तालुक्यांतल्या कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा दुसरीकडून दाखला हातात घेऊन आलेला एक तरी मुलगा घ्या. आधीच्या कॉलेजला फोन करून त्याने काय केलं ते नीट विचारा. त्याने कुणाला, विशेषतः एखाद्या मुलीला, इजा केली असेल तर आधी तिची बाजू समजून घ्या, आणि तिच्या वाटेत तो पुन्हा येणार असेल तर त्याला घेऊ नका. बाकीच्यांना घ्या. हजेरीची अट घाला, ती लेखी द्या, आणि आठवड्यातून एकदा त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा. तो संघात बसला नाही तरी मार्चच्या परीक्षेपर्यंत त्याचा हात सोडू नका.