कृष्णाकाठची औद्योगिक सहल : वाणिज्य शाखेने विचारावेत असे तीन प्रश्न

बी.कॉम., बीबीएच्या अभ्यासात व्यवसायाचे प्रकार पाठ करावे लागतात : कंपनी, कौटुंबिक व्यवसाय, सहकारी संस्था, घाऊक बाजार, कारागिरी. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हे पाचही प्रकार जवळजवळ नांदतात. यंत्रे पाहून आणि ग्रुप फोटो काढून परतायचे नसेल, तर प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत. मालक कोण? भाव कोण ठरवतो? पैसे कधी मिळतात?

महिना कोणता?

फेब्रुवारी उत्तम. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो, नवी हळद बाजारात येऊ लागते आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही मिळते. कास पठारावरच्या फुलांसाठी सप्टेंबर निवडला, तर कारखान्याची धुराडी बंद दिसतील.

आधीची तयारी

प्राचार्यांच्या सहीचे पत्र काही आठवडे आधी पाठवावे. त्यात विद्यार्थिसंख्या आणि काय पाहायचे आहे ते लिहावे. दुग्धप्रकल्पात डोक्याला टोपी, फाउंड्रीत बंद बूट आणि जवळपास सगळीकडे मोबाइलबंदी, हे निघण्यापूर्वीच सांगावे.

किर्लोस्करवाडी : कंपनी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर ही वसाहत उभी केली. त्यांचा माल म्हणजे लोखंडी नांगर; पण त्याने जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे माल तयार असूनही गिऱ्हाईक तयार नव्हते. मार्केटिंगच्या तासाला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. या कारखान्याचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्यांपैकी एक होते भाऊराव पाटील. त्यांनीच 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. आज इथे पंप बनतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचा वार्षिक अहवाल आधीच वाचून जाता येतो.

भिलवडी : कुटुंबाचा व्यवसाय

चितळे यांचा दुग्धव्यवसाय 1939 पासूनचा. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) ठरतो. दूध थांबत नाही. म्हणून संकलन, शीतकरण आणि वाहतूक यांचे वेळापत्रक हाच या धंद्याचा कणा. उत्पादकाला बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी मिळते.

साखर कारखाना : सभासदांची मालकी

रेठरे बुद्रुकचा कृष्णा किंवा साखराळ्याचा राजारामबापू, कोणताही एक पाहावा. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम आहे. साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकली जाते. मग 14 दिवसांत पैसे आणायचे कुठून? या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या लेखा विभागात बसून समजून घ्यावे. बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) वीज आणि मळीपासून इथेनॉल यांचा हिशेबही तिथेच उलगडतो.

सांगली : हळदीचा सौदा

मार्केट यार्डात सकाळी पोहोचावे. पोत्यातली हळद समोर ओतलेली असते. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि बोली चढू लागते. इथे भाव कुणी एक जण ठरवत नाही. सौद्यानंतर शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली आणि तोलाई कशी वजा होते, ते एका पट्टीवरून वहीत उतरवून घ्यावे.

जवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीखालची पेवे होती. तोंड अरुंद, पोट मोठे, आत हवा जवळपास नाही. त्यामुळे हळदीला कीड लागत नसे. 2005 च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरज : कारागिरी

सतार-तंबोऱ्यासाठी भोपळे हंगामात घेऊन वाळवून ठेवावे लागतात. माल विकला जाण्यापूर्वी कितीतरी आधी पैसा अडकतो. खेळते भांडवल म्हणजे काय, हे इथे न शिकवता कळते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळाले.

विरंगुळा

दिवसाला दोनच भेटी ठेवाव्यात. भिलवडीजवळ औदुंबरचे दत्तमंदिर आणि कृष्णेचा घाट आहे. किर्लोस्करवाडीहून सागरेश्वर अभयारण्य जवळ पडते. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना भेटतात, यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे. साताऱ्यात सज्जनगड चढावा आणि कंदी पेढे घ्यावेत.

अहवाल

परतल्यावर पाच ठिकाणे आणि तीन प्रश्न असा तक्ता प्रत्येकाने स्वतः भरावा. आपल्या वर्गातल्या अनेकांच्या घरचा ऊस कारखान्याला आणि दूध डेअरीला जाते. शेताच्या बांधापर्यंतचा हिशेब त्यांना ठाऊक असतो, पुढचा नसतो. तो त्यांना कळला, तर उद्या कारखान्याच्या वार्षिक सभेत ताळेबंद हातात घेऊन प्रश्न विचारणारा सभासद तयार होईल. सहलीच्या खर्चाचे खरे चीज त्यातच आहे.