वऱ्हाडातील विद्यापीठे आणि परदेशी विद्यार्थी

जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना उतरवून घेण्यासाठी थिओडिसिया कार्पेंटर ही एक गृहिणी बंदरावर आली होती. ओळख पत्रांपुरतीच होती. परंतु तिचेच घर आनंदीबाईंचे पहिले आश्रयस्थान ठरले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. तथापि परदेशात ढासळलेली प्रकृती सावरली नाही व फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. परमुलखातील विद्यार्थ्याचे यश केवळ बुद्धीवर नव्हे, तर निवारा, अन्न आणि औषधपाणी यांवरही अवलंबून असते.

वऱ्हाडाला हा अनुभव अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख इंग्लंडला गेले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून आणि बॅरिस्टर होऊन परतले. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यास १९६९ मध्ये, तर संत गाडगे बाबांच्या नावाने आज ओळखले जाणारे विद्यापीठ अमरावतीस १९८३ मध्ये स्थापन झाले. आता विचार करावयाचा आहे तो उलट दिशेच्या प्रवासाचा.

परदेशी विद्यार्थी ज्या संस्थेत असतील तेथे त्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये नमूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२२ मध्ये मंजूर जागांव्यतिरिक्त २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची मुभा दिली. जागा निर्माण करणे त्यामानाने सोपे आहे. खरे काम पाहुणा दारात आल्यावर सुरू होते.

एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. त्याला खोली देणाऱ्या घरमालकानेही २४ तासांच्या आत माहिती कळवावी लागते. ही माहिती नसल्यामुळे, किंवा 'कशाला पोलिसांची भानगड' या भीतीमुळे, घरमालक सरळ नकार देतो. आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या रंगाला वा भाषेला लागतो! विद्यापीठाचा एक जबाबदार कर्मचारी अर्ज भरून देण्यास सोबत आला, तर निम्म्या अडचणी तेथेच मिटतील. हा कर्मचारी बडनेरा किंवा अकोला स्थानकावरच विद्यार्थ्याला भेटावा, हे अधिक इष्ट.

कृषी शाखेच्या विद्यार्थ्याचा संबंध गावाशीही येतो. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात नोंदी घेणारा अनोळखी तरुण पाहून गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे. विद्यापीठाने ग्रामपंचायतीस आगाऊ पत्र द्यावे आणि सरपंचांनी त्याची ओळख ग्रामसभेत करून द्यावी. विद्यार्थ्यासही कामचलाऊ मराठीचे धडे मिळावेत. 'पाणी', 'ताप', 'दवाखाना' हे शब्द व्याकरणाच्या आधी यावेत. आपल्या ठेच्याची सवय त्याला हळूहळूच होईल.

उन्हाळी सुटीचा विचार सहसा राहून जातो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, मुले गावी जातात आणि खानावळी ओस पडतात. ज्याच्यापाशी मायदेशी जाण्याचे भाडे नाही, तो मागेच राहतो. त्याच्यासाठी वसतिगृहाची एक खोली, पिण्याचे पाणी व दोन वेळच्या जेवणाची सोय सुटी लागण्यापूर्वीच ठरलेली असावी.