फसलेल्या चोरीचा शेवट

श्रोतेहो, जामनेरला कांग नदीकाठी चार रिकामटेकडे जमले, की बेत शिजायला कितीसा वेळ लागतो? “एकदा घबाड हाती लागू द्या, मग बघा!” हे बोलणे तुम्ही ऐकलेच असेल. अशाच एका बेताचा शेवट आज सांगतो.

मारिओ मोनिचेल्ली यांनी १९५८ साली इटलीत एक विनोदी चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात इसम’. महायुद्धानंतरचे रोम शहर. हाताला धड काम नाही, असे काही सोबती गहाणवटीच्या दुकानातली तिजोरी फोडायचे ठरवतात. शेजारचे घर एका रात्रीपुरते रिकामे असते. तिथली भिंत फोडली की झाले! तिजोरी कशी उघडावी, हे शिकवायला एक जुना जाणकारही गाठतात.

रात्रभर खपून भिंत फुटते. आत पाहतात तो काय? तिजोरी नाहीच, त्याच घराचे स्वयंपाकघर! घरच्यांनी सामानसुमान हलवले होते, म्हणून भिंत चुकली. मग ही मंडळी काय करतात? चुलीजवळ सापडलेले हरभऱ्याचे कालवण आणि त्यात शिजवलेले पिठाचे तुकडे, म्हणजे आपल्या वरणफळांची सख्खी बहीणच, ते खायला बसतात!

पहाटे सगळे पांगतात. पोलीस दिसताच पेप्पे नावाचा गडी कामाच्या शोधात उभ्या असलेल्या मजुरांच्या गर्दीत शिरतो, आणि त्या लोंढ्याबरोबर थेट कामावरच ढकलला जातो. जन्मभर कष्ट चुकवणाऱ्याला ही शिक्षा!

आता विचार करा. त्यांना हवे होते सोने. मिळाले पोटभर जेवण, आणि एकाला मजुरी. खरी गरज कशाची होती? म्हणूनच आपण त्यांना हसतो, पण त्यांचा तिरस्कार करीत नाही. चोरी मात्र चोरीच राहते. दिग्दर्शक तिला यश देत नाही.

आपल्याकडचा १९८८ सालचा सचिन यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आठवा. पुण्यात खोली मिळेना, म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात. सोंग शेवटी उघडे पडतेच. पण त्या लबाडीच्या मुळाशी डोक्यावर छप्पर हवे, एवढीच साधी गरज होती. तिकडे भाकरी, इकडे निवारा.

गुरुजी, बाई, एक करून पाहा. वर्गात ही गोष्ट भिंत फुटेपर्यंत सांगा आणि थांबा. “पलीकडे काय असेल?” असे मुलांना विचारा. कोणी पोलीस आणील, कोणी सोन्याचा हंडा काढील. एखादे पोर म्हणेल, “गुरुजी, त्यांना भूक लागली असेल.” त्या पोराला गोष्ट कळली, असे समजा.