‘टेन्शन’च्या आत काय दडलंय?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या कुणालाही नदीचं विचारा, ‘पाणी वाढलंय’ एवढ्यावर तो थांबणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, तेच सांगेल. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्याही वर गेली होती, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. आकडा कळला की जनावरं कधी हलवायची आणि घर कधी सोडायचं, ते ठरवता येतं. मनाच्या बाबतीत मात्र हीच माणसं एकाच शब्दापाशी थांबतात : टेन्शन.

मी इथे फॅमिली डॉक्टर आहे. छातीत धडधड, पोटात गोळा, मान अवघडलेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. मी आधी रक्तदाब बघते, ईसीजी काढते, साखर आणि थायरॉईड तपासते. छातीतलं दुखणं तपासल्याशिवाय मनावर ढकलणं जिवावर बेतू शकतं. सगळं नीट आलं, की खुर्ची जवळ ओढून विचारते, “घरात, कामावर काय चाललंय?” उत्तर बहुधा ठरलेलं असतं : “काय न्हाई ओ मॅडम, जरा टेन्शन हाय.”

या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी असतात, हे पुढच्या तिघांवरून कळेल. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पोलीस भरतीत अपयश आलेल्या एका मुलाला पुढच्या परीक्षेची भीती नव्हती. गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटत होती. शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या एका काकांना कामाचा ताण नव्हता. नव्या पोरांसमोर साहेब ओरडल्याचा अपमान आत जळत होता. मुलगा-सून पुण्याला गेल्यावर एका मावशींची झोप उडाली. “मी काय रडत न्हाई बसलो,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, “पर सांजच्याला घर खायला उठतंय बघा.” तो एकटेपणा होता. लाजेला समजून घेणारा मित्र लागतो, अपमानाला स्पष्ट बोलण्याची संधी लागते, एकटेपणाला माणसं लागतात. तिघांनाही झोपेची एकच गोळी लिहून दिली असती, तर यातलं काहीच त्यांना मिळालं नसतं.

भावनेला नाव दिल्यावर मेंदूत काय होतं, याचा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने 2007मध्ये प्रसिद्ध केला. तीस जणांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडताना धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतला अमिग्डला हा भाग शांत होत गेला आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग जास्त काम करू लागला. त्याच चेहऱ्याला शोभेल असं माणसाचं नाव निवडताना मात्र तसं झालं नाही. 2012च्या दुसऱ्या प्रयोगात कोळ्यांना घाबरणाऱ्या 88 जणांना जिवंत, मोठ्या कोळ्याजवळ जायला सांगितलं. काहींना आपली भीती तिथल्या तिथे शब्दांत सांगायला लावली. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आल्यावर त्यांच्या तळहातांना इतरांपेक्षा कमी घाम सुटला.

उलट काहींना आतलं काही ओळखूच येत नाही. त्यांच्या वर्णनात दुखणारं पोट असतं, दुखावलेलं मन नसतं. मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी 1970च्या दशकात या अवस्थेला ‘अलेक्सिथिमिया’ हे नाव दिलं. भावना ओळखायला शिकताही येतं. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत नेली. परीक्षेआधीची काळजी अभ्यासाला बसवते, चिंता मात्र पुस्तक उघडू देत नाही. दिसायला जवळच्या भावनांमधला असा फरक ही पद्धत शिकवते.

मी रुग्णांना सोपा क्रम सांगते. शरीरात कुठे जाणवतंय? त्याला ‘टेन्शन’ सोडून दुसरा शब्द कोणता : चीड, भीती, मत्सर, खंत, हुरहूर, कोंडमारा? दहापैकी किती? कशामुळे? आणि आता कशाची गरज आहे? शब्द आपल्या बोलीतलाच हवा. ‘जीव खालीवर हुतोय’ हेही मला चालतं, मग आपण तिथून पुढे शोधतो. बोलणं जमत नसेल, तर वहीत चार ओळी लिहाव्यात.

नाव दिलं म्हणून कर्ज फिटत नाही, दारुड्याचा हात थांबत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मदत लागते. उदासी दोन आठवडे हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांना गाठायलाच हवं. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. ‘मला भीती वाटतेय’ एवढं वाक्य जमलं, तरी तो फोन लावणं पुष्कळ सोपं होतं.

म्हणून माझं आईबापांना आणि शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे. मूल रडत आलं की ‘गप, रडू नको’ म्हणण्याआधी विचारा : राग आलाय, भीती वाटतेय, की वाईट वाटलंय? उत्तर चुकलं तरी चालेल, पण मुलाला निवडू द्या. लहानपणी हे शब्द मिळाले, तर मोठेपणी पोटात गोळा येईपर्यंत त्याला वाट बघावी लागणार नाही. आधीच कुणापाशी तरी जाऊन ते आपलं दुःख सांगू शकेल.