पुनर्रचित मोटारसायकल आणि टायरची निवड : रिमच्या रुंदीपासून केलेला विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वाहनतळावरून एक नजर फिरवली तरी दोन-चार दुचाकी अशा आढळतात, की ज्या कारखान्यातून जशा बाहेर पडल्या तशा राहिलेल्या नाहीत. कोणाची टाकी बदललेली, कोणाचे मागचे मडगार्ड कापलेले, कोणाचे हँडल खाली आणलेले. आणि पुष्कळशा गाड्यांच्या मागच्या चाकावर मूळ टायरपेक्षा बराच रुंद टायर चढवलेला. अशा पुनर्रचनेसाठी जुनी बुलेट विशेष पसंत केली जाते. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर कित्येक दशके या गाडीची मूळ घडण फारशी बदलली नाही. त्यामुळे तिचे सुटे भाग गावोगावी मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले कारागीरही सर्वत्र आहेत.

या पुनर्रचनेचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. आधी टाकी आणि आसन, मग रंग, मग दिवे व सायलेन्सर, आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशात, टायर. तोही बहुधा दिसण्यावरून निवडला जातो. वस्तुतः गाडीची उंची, तिचे वळणे, तिचे थांबणे आणि पावसाळी रस्त्यावर तिचे उभे राहणे या सर्व गोष्टी टायरशी निगडित आहेत. हा क्रम उलटा का असावा आणि टायरचा विचार रिमपासून का सुरू करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणासाठी मुख्यतः जुनी ३५० सीसी बुलेट घेतली आहे.

रुंदीविषयीचा समज

रुंद टायर म्हणजे जमिनीवर अधिक रबर आणि म्हणून अधिक पकड, असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहण्यास शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे. टायरमधील हवा गाडीचा भार तोलून धरते. म्हणून जमिनीला टेकलेल्या भागाचे, म्हणजे स्पर्शठशाचे, क्षेत्रफळ हे स्थूलमानाने भाराला हवेच्या दाबाने भागून मिळते. २०२१ च्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे. तीवर ७५ किलोचा चालक बसला आणि एकूण भारापैकी दीडशे किलो मागच्या चाकावर आला असे धरू. दाब ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो असेल, तर ठशाचे क्षेत्रफळ ६६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. हे अर्ध्या पोस्टकार्डाएवढे झाले. टायरच्या भिंतींचा ताठपणाही काही भार पेलतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. परंतु त्यावरून एक गोष्ट उघड होते. भार आणि दाब तेच ठेवून टायर रुंद केला, तर ठशाचे क्षेत्रफळ रुंदीच्या प्रमाणात वाढत नाही. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड व आडवा.

रुंद टायर निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या इंजिनाची ताकद मोठी आहे, तेथे टायर तापतो, झिजतो, आणि अधिक रबर ही खरी गरज असते. जुन्या लोखंडी इंजिनाच्या ३५० बुलेटची ताकद मात्र १८ अश्वशक्ती होती. तिला ही गरज नाही.

रुंदीची किंमत वळणावर मोजावी लागते. गाडी कलते तेव्हा ठसा टायरच्या मध्यावरून कडेकडे सरकतो, आणि टायर जितका रुंद तितका अधिक सरकतो. त्यामुळे तोल साधण्यासाठी गाडीला सैद्धांतिक कोनापेक्षा थोडे अधिक कलावे लागते. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घ्यायचे, तर सैद्धांतिक कल सुमारे ३२ अंश येतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आणि टायरचा माथा अर्धवर्तुळाकार मानला, तर ८२ मिलिमीटर रुंद टायरला आणखी सव्वादोन अंश आणि १५० मिलिमीटर रुंद टायरला जवळजवळ साडेचार अंश कलावे लागते. दोन अंशांचा फरक कागदावर किरकोळ भासतो. पण ज्या गाडीचे पायखुंट आणि सायलेन्सर आधीच खाली आहेत, तिच्या बाबतीत रस्त्याला घासणे आणि न घासणे यांमधले अंतर कधीकधी एवढेच असते.

रिम

टायर हा रिमवर बसतो आणि त्याचा आकार रिम ठरवते, हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित सत्य होय. जुन्या बुलेटवर पुढे व मागे ३.२५-१९ हा टायर असे. यातील पहिला आकडा इंचांत टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास दर्शवतो. त्याखालील रिम डब्ल्यूएम-२ या वर्गाची, म्हणजे आतून १.८५ इंच किंवा अवघी ४७ मिलिमीटर रुंद असते. १५० मिलिमीटर रुंदीचा टायर ज्या गाड्यांवर मूळचाच येतो, तेथे रिम साधारणपणे चार इंच रुंद असते.

आता या टायरची रुंदी जुन्या बुलेटच्या रिमवर चढवली तर काय घडेल? टायरच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या जातात, भिंती आत वळतात आणि माथा गोल न राहता निमुळता होतो. मागून पाहताना टायर भरदार दिसतो, पण सरळ चालताना त्याची मधली चिंचोळी पट्टीच रस्त्याला लागते. वळण सुरू होताच गाडी त्या टोकावरून एकदम कलंडल्यासारखी वाटते आणि लांब, ताणलेल्या भिंती लचकतात. ज्या रुंदीसाठी खर्च केला, ती रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. याउलट अरुंद टायर फार रुंद रिमवर बसवला, तर माथा सपाट होतो आणि गाडी वळण्यास नाखूश बनते. म्हणूनच प्रत्येक आकाराच्या टायरसाठी कोणत्या रुंदीची रिम चालेल, याची कोष्टके टायर-उत्पादक प्रसिद्ध करतात. १००/९० टायरला अडीच इंची, तर १६०/६०-१७ टायरला साडेचार इंची रिम ही त्यांतील प्रमाण रुंदी आहे. खरेदीपूर्वी ते कोष्टक उघडणारा ग्राहक विरळा.

व्यासाचा हिशेब त्यामानाने सोपा असून तो फारसा फसवत नाही. ३.२५-१९ या टायरची उंची रुंदीएवढीच धरली, तर चाकाचा एकूण व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो. १२०/८०-१८ या टायरमध्ये उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर. रिम १८ इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर. एकूण व्यास ६४९. दोहोंत मिलिमीटरभराचा फरक आहे. म्हणजे मागे १८ इंची आणि योग्य रुंदीची नवी रिम आऱ्यांवर विणून घेतली, तर गाडीची उंची आणि गिअरचे प्रमाण न बिघडवता थोडा भरीव टायर घेता येतो. तेथेही स्विंगआर्म, चेन आणि मडगार्ड यांच्यात जागा उरते की नाही, हे शॉक पूर्ण दाबून पाहावे लागते. जागा कमी पडली, की चाक एका बाजूला सरकवून बसवण्याची युक्ती काही कारागीर करतात. टायर चेनपासून सुटतो खरा. पण पुढचे व मागचे चाक एका रेषेत राहत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढू लागते.

पुढचे चाक

मागचा टायर नजरेत भरतो. गाडीचा स्वभाव मात्र पुढच्या चाकावर अधिक अवलंबून असतो. हँडलच्या दांड्याची कलती रेषा जमिनीला जेथे छेदते, तो बिंदू चाकाच्या ठशाच्या पुढे असतो. या दोहोंमधील अंतराला ट्रेल म्हणतात. वेगात हँडल आपोआप सरळ राहते, याचे एक प्रमुख कारण हे अंतर होय. ते चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते.

१००/९०-१९ या चाकाची त्रिज्या ३३१ मिलिमीटर आहे. त्याजागी खेळकर दिसणारे ११०/७०-१७ चाक बसवले, तर त्रिज्या २९३ वर येते. दांड्याचा कोन उभ्या रेषेशी २६ अंश असेल, तर एवढ्यानेच ट्रेल सुमारे १९ मिलिमीटरने घटतो. शिवाय पुढचा भाग ३८ मिलिमीटर खाली जाऊन दांडा अधिक उभा होतो आणि ट्रेल आणखी कमी होतो. गाडी बाजारपेठेत हलकी, चपळ वाटू लागते. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे खड्डा लागला, की तेच हँडल थरथरते. दोष मग सस्पेन्शनला दिला जातो.

येथे ट्यूबचा प्रश्नही येतो. आऱ्यांच्या साध्या रिममध्ये हवा टिकत नाही, म्हणून आत ट्यूब लागतेच. टायर ट्यूबलेस जातीचा असला तरी लागते. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमच्या आतील बाजूस एक उंचवटा असतो. तो हवा गेल्यावरही टायरची कड जागेवर धरून ठेवतो. डब्ल्यूएम वर्गातील जुन्या रिमला तो नसतो. पुढच्या चाकाची ट्यूब वेगात फाटली, की कड रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरते आणि चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. त्यामुळे नवी ट्यूब, तिचा योग्य आकार आणि आऱ्यांच्या टोकांवरची रिमपट्टी या स्वस्त वस्तूंवर काटकसर करणे अत्यंत अविचाराचे ठरते.

टायरच्या भिंतीवरील मजकूर

१२०/८०-१८ च्या पुढे ६२पी असे लिहिलेले असते. ६२ हा भारांक आहे. त्याचा अर्थ हा एक टायर योग्य दाबाला जास्तीत जास्त २६५ किलो भार पेलतो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर, ‘एस’ म्हणजे १८०, ‘एच’ म्हणजे २१०. वेगाचे अक्षर सर्वजण पाहतात, भारांक क्वचितच पाहिला जातो. १९५ किलोची गाडी, दोन माणसांचे दीडशे किलो आणि वीस किलो सामान असे ३६५ किलो झाले. त्यातील साठ टक्के मागे आले तर २१९ किलो होतात. भारांक ५२ चा टायर २०० किलोच पेलतो. तो दिसण्यास कितीही जुन्या काळाचा, डौलदार असो, या गाडीच्या मागे तो बसवता येत नाही.

चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हौशी बांधणीत दुर्मीळ नक्षीचे, वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले टायर हमखास वापरले जातात. नक्षी नवीकोरी असली तरी रबर कडक झालेले असते, म्हणून हा आकडा पाहणे अगत्याचे आहे. जून २०२० मध्ये टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले, तेव्हापासून अशा साठ्याचा मोह वाढला असल्यास नवल नाही. तसेच पुढे रेडियल व मागे आडव्या-तिरप्या धाग्यांचा बायस टायर, अशी सरमिसळ उत्पादकाने स्पष्ट मान्यता दिल्याशिवाय करू नये. दोहोंच्या भिंती वेगवेगळ्या रीतीने लवचिक असतात.

नक्षीविषयी थोडेसेच. स्क्रॅम्बलर धाटणीसाठी मोठ्या ठोकळ्यांचे टायर निवडले जातात. मातीत ते उपयुक्त आहेत. ओल्या डांबरावर मात्र ठोकळ्यांमधल्या रिकाम्या जागेमुळे अर्ध्या पोस्टकार्डातील रबर आणखी कमी होते आणि ठोकळे ब्रेक लावताच वाकतात. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा घाटात फिरणाऱ्याने याचा विचार करावा.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल वाहनमालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ मान्य केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यामुळे सांगाडा कापून, स्विंगआर्म रुंद करून दोनशे मिलिमीटरचा टायर बसवणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहिलेला नाही. मूळ आकाराच्या किंवा उत्पादकाने पर्याय म्हणून दिलेल्या आकाराच्या मर्यादेत राहून रबराचा दर्जा, नक्षी आणि भारांक यांत निवड करणे, हा मार्ग उरतो. जुन्या बुलेटच्या बाबतीत तो गैरसोयीचाही नाही.

टायर बसवल्यानंतरचे काम बहुधा घाईत उरकले जाते. भिंतीवरील बाण फिरण्याच्या दिशेने आहे की नाही हे पाहावे, चाक संतुलित करून घ्यावे आणि हवा थंड टायरमध्येच मोजावी. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर कल हळूहळू वाढवत न्यावा. नव्याने विणलेल्या चाकाच्या आऱ्या याच अंतरात सैल पडतात. त्या एकेक वाजवून, आवाज बद्द येईल तेथे पुन्हा ताणाव्या लागतात.