रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नात

सतरा ज्युवेलचे घड्याळ मनगटावर मिरवणाऱ्यांची एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. घड्याळांत आणि लष्करी यंत्रांत लागणारे असले बारीक मणी तयार करणारा एक कारखाना अमेरिकेच्या उत्तर सरहद्दीजवळ, नॉर्थ डाकोटा राज्यातील रोला या गावी होता. कामाला बहुतेक शेजारच्या टर्टल माउंटन वसाहतीतल्या आदिवासी स्त्रिया. शाळेच्या पुस्तकांतून आपण ज्यांना 'रेड इंडियन' म्हणत आलो, त्यांपैकी ओजिब्वे जमातीच्या. रात्री या कारखान्याची राखण पॅट्रिक गूर्नो नावाचे गृहस्थ करीत. हे साधे पहारेकरी आपल्या जमातीच्या पंचायतीचे अध्यक्षही होते. पहाऱ्याच्या फेऱ्या आटोपल्या, की ते टेबलाशी बसून पत्रे लिहीत.

त्या पत्रांमागे मोठे संकट उभे होते. १९५३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन काँग्रेसने एक ठराव केला. त्याची भाषा मोठी गोड होती. आदिवासींना सरकारी पालकत्वातून मुक्त करायचे आणि इतर नागरिकांच्या पंक्तीला बसवायचे! परंतु या मुक्तीचा अर्थ असा, की जुने करार मोडीत निघणार, जमिनीचे संरक्षण जाणार आणि दवाखान्या-शाळांची मदत आटणार. टर्टल माउंटनचे नाव त्या ठरावातच घातलेले होते. गूर्नो आणि त्यांचे सोबती नेटाने झुंजले. १९५४ च्या मार्चमध्ये त्यांच्या मंडळींनी वॉशिंग्टनला जाऊन साक्षी दिल्या, आणि टर्टल माउंटन वाचले. विस्कॉन्सिनमधील मिनॉमिनी जमातीचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. गमावलेला दर्जा परत मिळायला तिला १९७३ साल उजाडावे लागले.

त्याच १९५४ च्या ७ जूनला गूर्नोंच्या लेकीला मुलगी झाली. तीच लुईस अर्ड्रिक. आजच्या अमेरिकन कादंबरीत हे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते.

वडील जर्मन वंशाचे, आई ओजिब्वे. वॉपेटन गावी आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत दोघेही शिक्षक होते. सात भावंडांत लुईस थोरली. तिने गोष्ट लिहिली, की वडील पाच सेंटांचे नाणे हातावर ठेवीत आणि आई रंगीत कागदाच्या पट्ट्या विणून वहीला वेष्टन करून देई. आमच्या लेखकमंडळींनी हेवा करावा असे हे रोखीचे मानधन!

१९७२ साली डार्टमथ कॉलेजने प्रथमच मुलींना प्रवेश दिला. त्या पहिल्या तुकडीत लुईस होती. आपल्याकडे ऊस, तसे तिकडे साखरेचे बीट. त्या बिटाच्या शेतात तिने खुरपणी केली. हॉटेलात ताटे वाढली, रस्त्याच्या कामावर झेंडीही दाखवली. १९८२ मध्ये एका कथेला पाच हजार डॉलरचे बक्षीस मिळाले, आणि त्याच कथेतून १९८४ ची 'लव्ह मेडिसिन' ही पहिली कादंबरी वाढली. तिच्यात एकटा नायक असा नाही. दोन-चार कुटुंबांतली माणसे पाळीपाळीने आपापली बाजू सांगतात. वाड्याच्या ओसरीवर दहा तोंडांनी एकच भाऊबंदकी ऐकावी, तसे वाचकाचे होते.

संसारात दुःखे कमी आली नाहीत. वेगळे झालेले पती, लेखक मायकेल डॉरिस, १९९७ साली निवर्तले. लुईसबाई मुलींना वाढवीत लिहीत राहिल्या. मिनिआपोलिस शहरात त्यांनी 'बर्चबार्क बुक्स' हे पुस्तकांचे दुकान थाटले, ते आजही चालू आहे. आजोळची ओजिब्वे भाषा त्या मोठेपणी शिकल्या. या भाषेच्या व्याकरणात दगड हा सजीवांत मोडतो! 'द राउंड हाउस' या कादंबरीला २०१२ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तेव्हा आभाराच्या भाषणात त्या काही शब्द याच भाषेत बोलल्या.

आजोबांची ती पत्रे मात्र घरात जपून ठेवलेली होती. आपल्या जन्माच्या सुमारास लिहिलेली ही पत्रे नातीने पुन्हा वाचायला घेतली. त्यांत जमातीची काळजी होती, तसे घरगुती विनोदही होते. त्या पत्रांवरून २०२० साली 'द नाइट वॉचमन' ही कादंबरी अवतरली. तिचा नायक रात्रपाळीचा पहारेकरी आहे. मणी घडविणारी एक तरुण मुलगीही तिच्यात आहे. २०२१ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ठराव मांडणाऱ्या पुढाऱ्यांची नावे आज अभ्यासकांनाच काय ती ठाऊक असतील. कारखान्याच्या दिव्याखाली झोपेशी झगडत पत्रे लिहिणारा तो रखवालदार मात्र समुद्रापलीकडच्या वाचकांच्याही घरी जाऊन पोचला आहे. आपल्याही घरी माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या पत्रांचा एखादा गठ्ठा असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जाऊ देऊ नका.