बोलता यावं, गाता येऊ नये

आमच्या जठारपेठेत कवी मित्रांची बैठक जमते. पूर्वी तिथे चहात साखर किती घालायची यावर वाद व्हायचा, आता कुणाची साखर किती निघाली यावर होतो. सगळी पन्नाशीच्या आसपासची माणसं. कुणी दुकानाच्या गादीवर, कुणी बँकेच्या खिडकीमागे, तर कुणी माझ्यासारखं कचेरीतल्या खुर्चीवर आयुष्य बसून काढलेलं. डॉक्टर सर्वांना एकच सांगतात, ‘चाला.’ पण का, कसं आणि कुठं, हे सांगायला त्यांना सवड नसते.

बसण्याचा हृदयाशी असलेला संबंध लंडनच्या बसगाड्यांमुळे लक्षात आला. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, तर वाहक जिना चढत-उतरत तिकिटं देणारा. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांमध्ये कमी निघालं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा सुमारे अडीच वर्षं मागोवा घेतला. आहार सांभाळून रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, असं त्यांनी २००६ मध्ये मांडलं. त्याचं कारण साधं आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट पाहत नाहीत. जेवणानंतरची आजोबांची शतपावली काही उगाच नव्हती!

किती चालायचं? दहा हजार पावलांचा धाक घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या औषधशास्त्रातून नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगानं चाला म्हणते. मध्यम वेग म्हणजे सोबत्याशी बोलता यावं, पण गाता येऊ नये. आम्हा शायर लोकांच्या भाषेत, शेर तहतमध्ये म्हणता यावा, तरन्नुममध्ये नाही.

आता कुठं, हा प्रश्न. मोठ्या रस्त्याच्या कडेनं, धूर आणि हॉर्न खात चाललं तरी पाय चालतातच, पण मन चालत नाही. रॉजर अल्रिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका इस्पितळाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. झाड नुसतं दिसलं तर एवढं! इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. अर्थात, ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात, असंही असू शकतं. पाहणीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

अकोल्यात झाड ही चैन नाही. मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांच्या वर जातो. भिंती आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहतात. सावलीतली माती तेवढी तापत नाही. म्हणून उन्हाळ्यात फजरच्या नमाजनंतर, म्हणजे काकड आरतीच्याच सुमारास, निघावं आणि ऊन चढायच्या आत परतावं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. शेतीसोबत त्यानं शहराला फिरायला सावलीही दिली, असं मी मानतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, त्यानंतर बहावा, कडुनिंबाचा मोहोर. माणूस वर बघत चालतो तेव्हा हप्ते आणि मुलीचं लग्न थोडा वेळ मागे पडतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हट्टी आहे. दवाच्या गवतावर अनवाणी चाललं की चष्मा जातो, अशी आपल्याकडे समजूत आहे. चष्मा जात नाही. माझ्या वडिलांच्या पायाला मधुमेहानं बधिरपणा आला होता. काटा रुतला तो त्यांना कळलाच नाही. कळलं तेव्हा अंगठा काढावा लागला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वरापर्यंत सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी येणाऱ्या कावडकऱ्यांची श्रद्धा मी जाणतो. त्यात माझे मित्रही असतात (एरवी चौकातून पान आणायला गाडी काढणारे!). पण साखर असलेल्यानं बूट-मोजे घालावेत आणि परतल्यावर तळवे पाहावेत. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यानं खिशात खडीसाखर ठेवावी. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी भरभर चालू नये, नंतर चालावं. चालताना छाती दाटली तर थांबावं आणि थेट डॉक्टर गाठावा.

हे सगळं बोलणं झालं पुरुषांचं. बायकांना पहाटेचा अंधार आणि सुनसान रस्ता आडवा येतो, सकाळ झाली की डबे आडवे येतात. माझी पत्नी कित्येक वर्षं गच्चीवर तीस फुटांच्या येरझाऱ्या घालायची. आता शेजारच्या तिघी आणि ती, अशा चौघींनी मिळून एक ऑटो ठरवला आहे. तो त्यांना सव्वापाचला झाडांपाशी सोडतो आणि साडेसहाला परत आणतो. त्या दिवशी डबे आम्ही भरतो.